लाटसाहेबाच्या बागेचं वय

भानुदास नेवरेकरला कोणी नुसता नमस्कार केला तरी ‘याला माझ्याकडून काय हवंय’ असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटायचा. अमिरातीतल्या फुजैरामधल्या पंधरा-वीस मराठी घरांत तो त्यासाठीच प्रसिद्ध होता. मे महिन्यात कोणी दुबईहून हौसेने देवगडच्या हापूसची पेटी आणली की भानुदासला मुद्दाम बोलावलं जाई. तो देठाशी नाक नेई, अंगठ्याने साल दाबून बघे आणि निकाल देई, “कर्नाटक.” चाळीस दिरहम, म्हणजे पावणेपाचशे रुपये मोजलेल्या यजमानाचं तोंड उतरे. बरं, त्याचं म्हणणं खरं निघे, हीच तर पंचाईत होती. दहा वेळा बरोबर ठरलेल्या माणसाला अकराव्यांदा थांबून विचार करावासा वाटत नाही.

तो जन्मतः असा नव्हता. दापोलीच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतलेला, कलमं बांधण्यात हात बसलेला, साधा सरळ कोकणी माणूस होता. एकोणीसशे एक्क्याण्णव साली मुंबईच्या एका एजंटाने त्याला सांगितलं, “अ‍ॅग्रिकल्चर ऑफिसर, बंगला, गाडी.” इथे उतरल्यावर कळलं की काम रस्त्यामधल्या गोल चौकांत पेटुनियाची रोपं लावण्याचं आहे आणि बंगला म्हणजे एका खोलीत सात जण. दोन वर्षं त्याने भर उन्हात चौक सजवले. तेव्हा लागलेली संशयाची सवय पुढे नोकरी सुधारली, बायको शालिनी आणि मुलगी पर्णिका इकडे आल्या, दोन खोल्यांचा फ्लॅट झाला तरी सुटली नाही. तेरा वर्षांची पर्णिका म्हणायची, “बाबा, यू डाउट एव्हरीवन.” त्यावर तो म्हणे, “म्हणून तर आपण अजून इथे आहोत.”

सुधारलेली नोकरी रुपेशशेठची. रुपेश मूळचा राजापूरचा, वयाने भानुदासपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बागा तयार करून देण्याचं कॉन्ट्रॅक्टिंग करणारा. बोलणं गोड, हसणं मोकळं. पगार वेळेवर देणारा असूनही भानुदास त्याच्याकडे डोळ्यात तेल घालून बघत असे. इतका गोड माणूस उगाच कोण असतो?

तर नव्व्याण्णव सालच्या हिवाळ्यात हा रुपेशशेठ एक काम घेऊन आला. फुजैराच्या मागच्या काळ्या डोंगरांत, पावसाळी ओढ्याच्या काठी, आंब्याची एक जुनी बाग होती. गावात तिला लाटसाहेबाची बाग म्हणत. जमीन एका स्थानिक कुटुंबाची. भावांपैकी एकाला ती खडीच्या क्रशरला द्यायची होती, दुसऱ्याला राखायची होती. प्रकरण सरकारी खात्यात गेलं. खात्याने सांगितलं, बाग पन्नास वर्षांहून जुनी असेल तर ती जतन होईल, राखणदारही तिथेच राहील. नसेल तर क्रशरला परवानगी. झाडांचं वय ठरवायला जाणता माणूस हवा होता, आणि त्या किनाऱ्यावर आंब्यातला जाणता माणूस एकच होता.

“भानुदासजी, एक रिपोर्ट द्यायचाय फक्त,” रुपेश म्हणाला. “बाग राहिली तर मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट आपल्याला मिळेल, इन्शाल्ला.”

भानुदासच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. बाग जुनी निघण्यात रुपेशशेठचा फायदा होता, म्हणजे बाग जुनी नसणार.

राखणदाराचं नाव इद्रीस. साठी ओलांडलेला बलोच, उंच, वाकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. बागेच्या कोपऱ्यातल्या दगडी झोपडीत जन्मला आणि तिथेच म्हातारा झाला. कुठल्याच देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे नव्हता. बायको तिथेच वारली होती. झोपडी गेली तर जायला दुसरी जागा नव्हती, आणि ही गोष्ट त्याने रडगाणं न गाता, हवापाण्यासारखी सांगितली.

चहा ठेवून त्याने बागेचा इतिहास सांगितला. इंग्रजांचा कुठल्यातरी बेटावरचा गव्हर्नर होता. बेटाचं नाव कोणाला आठवत नाही. नोकरी संपल्यावर विलायतेला न जाता तो लाँचमधून या किनाऱ्यावर आला आणि वालीकडून, म्हणजे तेव्हाच्या मुख्य अंमलदाराकडून, ही जमीन मागून घेतली. रत्नागिरीहून गलबतात घालून चाळीस कलमं आणली, बरोबर तिकडचाच एक माळी. डोंगरातून गावाकडे येणारा पाण्याचा पाट होता, त्याला इथे फलज म्हणतात. त्यातल्या गावकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या साहेबाने विकत घेतल्या. पाट वळवण्याचं काम इद्रीसच्या बापाकडे.

“दो साल बारिश नहीं हुआ साहब,” इद्रीस म्हणाला. “गाँव का लिंबू सब मर गया. लाटसाब का आम ज़िंदा रहा. गाँव वाला मेरे बाप से बात नहीं करता था. मस्जिद में भी अलग बैठता था वो.”

म्हणजे बाग काही कोणाच्या पुण्याईवर उभी नव्हती. दुसऱ्यांच्या तोंडचं पाणी तोडून ती वाढली होती, आणि त्याचा डाग साहेबाला लागला नाही, पाट वळवणाऱ्याला लागला. लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, दिवसांत साहेब निघून गेला. जाताना कागद लिहून दिला, मी येईपर्यंत बाग सांभाळ, फळं तुझी. साहेब काही आला नाही. बाप मेला, मग इद्रीस सांभाळत राहिला.

“तो कागद कुठे आहे?” भानुदासने विचारलं.

“दीमक खा गया साहब.”

भानुदासने वहीत लिहिलं, ‘कागद वाळवीने खाल्ला.’ पुढे दोन प्रश्नचिन्हं काढली. वाळवीला नेमका तोच कागद कसा सापडतो, हे त्याला आयुष्यभर न उलगडलेलं कोडं होतं.

चाळीसपैकी तेवीस झाडं शिल्लक होती. बुंधे दणकट होते, पण त्यावर भानुदास भाळला नाही. पाटाचं पाणी आणि हे ऊन मिळालं तर आंबा पंचवीस वर्षांतही एवढा होतो. फळांचा हंगाम नव्हता. इद्रीसने बरणीतल्या आमरसाच्या वाळवलेल्या पोळीचा तुकडा दिला. चव पायरीची होती. जिभेवर पायरी विरघळत असताना भानुदासचं मन क्षणभर सैल पडलं, नेवऱ्याच्या घराचं अंगण डोळ्यांपुढे आलं. तेवढ्यात इद्रीसने भिंतीला टेकवलेली जाळीची काठी दाखवत म्हटलं, “ये झेला से उतारता हूँ.”

झेला! हा कोकणातला शब्द या बलोच म्हाताऱ्याच्या तोंडी कुठून आला?

“बाप बोलता था,” इद्रीस म्हणाला. “वो माली सिखाया था.”

भानुदास मान हलवत राहिला, पण मनात हिशेब जुळला. राजापूरचा रुपेशशेठ महिन्याभरात इथे तीनदा येऊन गेला होता, हे त्याला ड्रायव्हरकडून कळलं होतं. म्हाताऱ्याला पढवून ठेवलाय, दुसरं काय.

घरी शालिनीने विचारलं, “अहो, कशी आहे बाग?”

“बाग छान आहे. गोष्ट त्याहून छान आहे. म्हणूनच पाणी मुरतंय.”

“एखादी गोष्ट छान असून खरी असू शकते की.”

“तू त्या म्हाताऱ्याला पाहिलं नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे पाहिलंत? तुम्ही वहीत लिहीत बसला असाल,” असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

आठवड्याने रुपेशचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. बागेत पाटाच्या कडेला एक दगडी पाटी सापडली होती. लगेच या, यल्ला, उद्या खात्याला फोटो पाठवू. भानुदास गेला. गवत बाजूला करून पाटी उभी केलेली. वर इंग्रजीत कोरलेलं, ‘गव्हर्नर्स गार्डन, एकोणीसशे चौतीस.’ रंग जुनाट, कोपरे झिजलेले. रुपेश हात पाठीमागे बांधून उभा, इद्रीस जरा लांब, जमिनीकडे बघत.

भानुदासने पाटीवरून बोट फिरवलं आणि हुंगलं. चहाचा वास आला. अक्षरांच्या खाचेत नखाने टोकरलं तर पांढरं पीठ निघालं. मग त्याने पाटी उलटी केली. मागे पेन्सिलीने लांबी-रुंदीची मापं लिहिलेली, सेंटिमीटरमध्ये, आणि खाली दुबईचा एक फोन नंबर.

“दुबईच्या अल क्वोजचा मार्बलवाला का?” त्याने शांतपणे विचारलं. आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाला एवढं समाधान मिळतं.

रुपेशचा चेहरा पांढरा पडला. मग तो खऱ्यावर आला. “हे बघा, बाग खरी आहे. मी गावात सगळ्यांना विचारलंय. पण सगळं तोंडी, पेपर काहीच नाही. खातं म्हणतं, प्रूफ द्या. मग म्हटलं, थोडा सपोर्ट द्यावा. त्या म्हाताऱ्याचा तरी विचार करा ना.”

“म्हाताऱ्याचा की कॉन्ट्रॅक्टचा?”

“दोघांचा. दोन्ही एकदम असू शकत नाही का, भानुदासजी?”

भानुदासच्या लेखी असू शकत नव्हतं. तो तसाच झाडांकडे वळला. माणसं खोटं बोलतात, पाट्याही खोटं बोलतात. झाडाचं तसं नसतं.

आता इथे थोडं कलमांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आंब्याचं कलम म्हणजे एका रोपावर दुसऱ्या झाडाची फांदी जोडायची. जोडाचा सांधा झाडाच्या अंगावर जन्मभर राहतो. पूर्वीचे लोक भेटकलम करीत. वाढलेलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीला भेटवून बांधायचं, त्यामुळे सांधा वीत-दीड वीत उंचावर असे. नंतर कोयकलम आलं. कोय नुकती रुजलेली, रोप करंगळीएवढं, तेवढ्यातच जोड द्यायचा. त्याचा सांधा जमिनीपासून चार बोटांवर. दापोलीत भानुदास शिकत होता तेव्हा, सत्तरीच्या दशकात, या कोयकलमाचा बोलबाला झाला होता आणि त्याने स्वतः अशी हजारो बांधली होती. सांधा कुठे आहे ते बघून झाडाचा जमाना सांगणं त्याच्या डाव्या हातचा मळ होता.

त्याने पहिल्या झाडाचा बुंधा खरवडला. सांधा सापडला. चार बोटांवर. दुसरं झाड, चार बोटं. पाचव्या झाडापर्यंत तेच.

म्हणजे कोयकलमं. फार तर पंचवीस वर्षांची. लाटसाहेब नाही, गलबत नाही, लढाई नाही. सगळा बनाव.

इद्रीस फावडं घेऊन मागे आला होता. “साहब, थोड़ा खोदो ना. नीचे देखो. ज़मीन पहले इतना नहीं था.”

भानुदासने त्याच्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं, मग रुपेशकडे. खाली आणखी एक पाटी पुरून ठेवली असणार. सकाळी वरची सापडली, आता खालची सापडणार. या लोकांनी आपल्याला समजलंय तरी काय?

“ज़रूरत नहीं,” तो म्हणाला. खुरपं त्याच्या स्वतःच्या पिशवीत होतं. ते त्याने बाहेर काढलं नाही.

रिपोर्ट त्याने थेट खात्याला दिला, रुपेशला न दाखवता. झाडांचं वय वीस ते पंचवीस. सोबत पाटीचा फोटो, पुढून आणि मागून, फोन नंबरासकट. नोकरी जाईल म्हणून शालिनी घाबरली होती. रुपेशने त्याला काढलं नाही. तो फक्त कामापुरतं बोलू लागला, आणि भानुदासने त्याचाही अर्थ लावला की चोर पकडला गेला की गप्पच होतो. त्या रात्री भानुदासला छान झोप लागली. हे लिहिताना त्याचा रागही येतो आणि कीवही येते. एवढ्या स्वच्छ मनाने माणूस एवढं नुकसान करू शकतो.

मार्चमध्ये क्रशरला परवानगी मिळाली. बागेत आंब्यांच्या मधून खजुराची झाडंही होती. ती मुळासकट काढून दुसरीकडे लावता येतात, शहरातल्या चौकांना हवीच असतात. ते काम रुपेशच्या कंपनीला मिळालं आणि देखरेखीला अर्थातच भानुदास. तो पोहोचला तेव्हा सहा आंबे आडवे झाले होते. झोपडीचं छप्पर उतरवलेलं होतं. इद्रीस दिसला नाही, त्याला आदल्या दिवशीच हलवलं होतं.

जेसीबीने पहिल्या खजुराच्या भोवती खड्डा घेतला. खजुराला खेटून एक आंबा उभा होता, त्याच्या बाजूची मातीही ढासळली आणि कापलेली कड उघडी पडली. भानुदास सहज बघायला वाकला.

कडेवर थर दिसत होते. गाळ, खडी, गाळ, पुन्हा खडी. ओढ्याला पूर आला की बागेत शिरे आणि एक थर टाकून जाई. असे सात-आठ थर तरी होते. आंब्याचा बुंधा जमिनीशी संपत नव्हता. त्या थरांतून तो सरळ खाली गेला होता, वीतभराहूनही जास्त, आणि मुळं फुटली होती ती तिथे, खाली. सांधा चार बोटांवर नव्हताच. सांधा होता दीड वितीवर, भेटकलमाचा, जिथे असायला हवा तिथे. जमीनच वर चढली होती.

आणि बुंध्याभोवती, त्या जुन्या जमिनीच्या पातळीवर, दगडांचं गोल आळं होतं. भानुदास खड्ड्यात उतरला. माती हाताने बाजूला केली. दगड लाल, भोकाभोकांचे. जांभा. या काळ्या डोंगरांत मैलोन् मैल जांभ्याचा एक खडा मिळत नाही. गलबताला भार म्हणून रत्नागिरीहून भरून आणलेले चिरे कोणीतरी तासून, नीट गोलात, आपल्या गावाकडे मांडतात तसे मांडले होते. सात-आठ पुरांच्या थरांखाली ते कोणी नंतर पुरून ठेवू शकलं नसतं. रुपेश तर नाहीच.

भानुदास तिथेच चिऱ्यावर बसला. वर जेसीबीवाला विचारत होता, “साहब, खलास? आगे चलूँ?”

त्याने मशीन बंद करवलं. त्याच कपड्यांत, मातीच्या हातांनी, खात्यात गेला. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मग फाइल काढून पहिला रिपोर्ट समोर ठेवला. पाटीचा फोटो वरच होता.

“ही सही तुमची ना?” अधिकारी म्हणाला. “तुम्हीच लिहिलंय की तुमची कंपनी इथे खोट्या जुन्या वस्तू ठेवते. आता त्याच कंपनीचा माणूस म्हणतो, जमिनीत जुने दगड सापडले.”

“सर, मातीचे थर बघा. कोणाला तरी पाठवा, प्लीज.”

“हबीबी, परवानगी निघाली आहे,” तो सौम्यपणे म्हणाला. त्याच्या सौम्यपणात अविश्वास इतका स्वच्छ होता की भानुदासला तो लगेच ओळखता आला. इतकी वर्षं तो स्वतः लोकांकडे असंच बघत आला होता.

दोन दिवस तो फोन करत राहिला. जमीनमालकांपैकी बाग राखायला हवी म्हणणाऱ्या भावालाही गाठलं. तो म्हणाला, आमच्या घरात आता समेट झालाय, जाऊ दे. तिसऱ्या दिवशी उरलेले सतरा आंबे गेले.

इद्रीसला रुपेशने आपल्या अल क्वोजच्या गोदामावर ठेवून घेतलं होतं. कुंड्या आणि खताच्या पोत्यांवर नजर ठेवायची, मागे पत्र्याची खोली. ज्या माणसाला भानुदासने लबाड ठरवलं त्याने ही सोय कोणाला न सांगता केली होती. एका शुक्रवारी सकाळी भानुदास दीडशे किलोमीटर गाडी हाकत तिथे गेला. जांभ्याचा एक तुकडा वर्तमानपत्रात बांधून नेला होता. वाटेत काय बोलायचं ते तीन-चारदा मनात घोळवलं.

इद्रीस पोत्यांच्या सावलीत बसला होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. भानुदासने पुडा सोडून दगड त्याच्या पुढ्यात ठेवला.

“इद्रीसभाई, आप सच बोलते थे. आपके बाप का सब सच था. गलती मेरा है. मैंने खोदा नहीं. मुझे माफ़ करो.”

इद्रीसने दगड हातात घेतला, त्याच्या भोकांतली माती अंगठ्याने काढली. मग चांगला डोळा भानुदासवर रोखला. रागाने नाही. खूप दिवस मनात असलेली एक साधी गोष्ट विचारून घ्यावी, तसं त्याने विचारलं.

“क्रशर वाला ने कितना दिया था साहब?”

“कुछ नहीं दिया! एक फिल्स नहीं. कसम से, इद्रीसभाई. चूक झाली माझी, खरंच नुसती चूक.”

शेवटचं वाक्य मराठीतच निघून गेलं. इद्रीसने समजूतदारपणे मान हलवली, जशी भानुदासने झेल्याचं ऐकताना हलवली होती. “ठीक है साहब,” तो म्हणाला, “नहीं बोलना है तो मत बोलो. चाय पियेगा?”

इतका शिकलेला माणूस, फावडं समोर आणून दिलेलं असताना, नुसत्या संशयापायी खोदत नाही, हे कोणी येऊन आपल्याला सांगितलं असतं, तर आपणही त्यावर विश्वास ठेवला नसता, हे भानुदासला ठाऊक होतं. तो चहासाठी थांबला.